साहेबांना खरं कोण सांगणार?

उद्योगांच्या प्रमुखांसाठीचं कोचिंग काय असतं, कसं चालतं आणि कुठे अपुरं पडतं

२००१ सालच्या उन्हाळ्यात गूगल कंपनी तीन वर्षांची होत आली होती आणि तिथे काही शे माणसं काम करत होती. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या तरुण संस्थापकांच्या मनात आलं, की इतक्या हुशार इंजिनिअरांच्या डोक्यावर मॅनेजर हवेत तरी कशाला? त्यांनी इंजिनिअरिंग विभागातली मॅनेजरची फळीच काढून टाकली. सगळे इंजिनिअर थेट विभागप्रमुखाच्या हाताखाली आले.

त्याच सुमाराला बिल कॅम्पबेल नावाचे साठीचे गृहस्थ गूगलमध्ये येऊ-जाऊ लागले होते. मॅनेजर परत आणा, असं त्यांचं मत. पेज यांना ते पटेना. कॅम्पबेल वाद घालत बसले नाहीत. आपण इंजिनिअरांनाच विचारू या, असं म्हणून ते पेज यांना घेऊन खोलीबाहेर पडले. तुम्हाला मॅनेजर हवा का, असं ते एकेका इंजिनिअरला विचारत गेले. उत्तर आलं, हवा. कशासाठी? ज्याच्याकडून काही शिकता येईल असं माणूस हवं, आणि दोघांचं एकमत झालं नाही तर निकाल देणारं कुणीतरी हवं. पेज यांना हे अनपेक्षित होतं. पुढे गूगलमध्ये मॅनेजर परत आले.

उद्योगांच्या प्रमुखांना कोच कशाला लागतो, असं कुणी विचारलं की मी हा प्रसंग सांगते. कॅम्पबेल हे संगणकशास्त्र शिकलेले नव्हते. इंजिनिअरिंगमधलं त्यांना पेज यांच्यापेक्षा जास्त कळत होतं असं कुणीच म्हणणार नाही. त्यांनी एकच काम केलं. ज्या माणसांकडे खरं उत्तर होतं, त्यांच्यापर्यंत त्यांनी कंपनीच्या प्रमुखाला नेलं.

मीही हेच काम करते. आधी पिंपरी-चिंचवडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मनुष्यबळ विभाग सांभाळला. आता पुणे, चाकण आणि कोल्हापूर भागातल्या कारखानदारांबरोबर आणि कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर बसते. या कामाबद्दल लोकांच्या मनात कुतूहल आहे, तेवढाच संशयही आहे. दोन्ही रास्त आहेत. म्हणून जे मला ठाऊक आहे ते सरळ मांडते.

फुटबॉलच्या मैदानावरून गूगलमध्ये

बिल कॅम्पबेल यांचा जन्म १९४० सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या होमस्टेड या पोलादाच्या गावातला. कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. १९७४ ते १९७९ या काळात ते त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांच्या कारकिर्दीत संघाने १२ सामने जिंकले, ४१ हरले, १ बरोबरीत सुटला. मग ते जाहिरात क्षेत्रात गेले, तिथून कोडॅकमध्ये, १९८३ साली अ‍ॅपलमध्ये. पुढे इन्ट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीचे ते मुख्याधिकारी झाले. उतारवयात त्यांनी जे काम हाती घेतलं, त्यासाठी सिलिकॉन व्हॅली त्यांना ओळखते. एरिक श्मिट, लॅरी पेज, स्टीव्ह जॉब्ज, सुंदर पिचाई अशी मंडळी त्यांच्याशी नेमाने बोलायला बसत.

एरिक श्मिट २००१मध्ये गूगलचे मुख्याधिकारी झाले. कंपनीत पैसा गुंतवणारे जॉन डोअर यांनी त्यांना कॅम्पबेल यांना भेटायला सुचवलं. श्मिट यांना ते रुचलं नाही. ते आधीच एका मोठ्या कंपनीचे प्रमुख राहिले होते. मला कोच कशाला, माझं काही चुकतंय का, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडचा जवळपास प्रत्येक कारखानदार हेच विचारतो. पुढे त्याच श्मिट यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर कॅम्पबेल यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते २०१९मध्ये, कॅम्पबेल यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी निघालं.

कॅम्पबेल करायचे ते दिसायला साधंच होतं. दोघांची बैठक असली की समोरच्याने आपल्या मनातले महत्त्वाचे विषय लिहून आणायचे. कॅम्पबेल यांचीही यादी तयार असायची. मग दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि कशाला आधी हात घालायचा ते ठरवायचं. श्मिट यांच्या सोमवारच्या बैठकीत कामाला हात घालण्याआधी प्रत्येक जण शनिवार-रविवारी काय केलं ते सांगायचा, कारण एकमेकांना माणूस म्हणून ओळखणारे लोक कामातले मतभेद जास्त मोकळेपणाने बोलतात, असा कॅम्पबेल यांचा अनुभव होता. एखादा प्रश्न समोर आला, की तो सोडवायला कोणती माणसं बसली आहेत आणि त्यांचं आपसात पटतंय का, हे ते आधी पाहत. गूगलमधल्या या कामाचे पैसे घ्यायला ते राजी नव्हते.

गूगलने २००९मध्ये आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास हाती घेतला. कर्मचाऱ्यांची मतं, वार्षिक मूल्यमापनं, पारितोषिकांसाठीच्या शिफारशी अशी सगळी माहिती तपासली. चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयींची जी यादी निघाली, तिच्यात पहिली सवय होती, चांगला कोच असणं. तांत्रिक ज्ञान शेवटच्या क्रमांकावर होतं. ज्या कंपनीने एकदा मॅनेजरच नकोत असं ठरवलं होतं, तिच्याच आकडेवारीतून हा निष्कर्ष आला.

सल्ला नव्हे, प्रश्न

या कामाची मुळं खेळात आहेत. टिमोथी गॅलवे हे कॅलिफोर्नियात टेनिस शिकवत. त्यांच्या लक्षात आलं, की मनगट असं धरा, खांदा तसा वळवा, अशा सूचनांचा मारा केला की खेळाडू आणखी अवघडतो. म्हणून त्यांनी सूचना कमी केल्या आणि खेळाडूचं लक्ष चेंडूवर नेलं. चेंडूचा टप्पा पडला की ‘टप्पा’ म्हणायचं, रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हणायचं, एवढंच. लक्ष चेंडूवर गेलं की शरीर आपोआप सावरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. १९७४ सालचं त्यांचं पुस्तक टेनिसपटूंपेक्षा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी जास्त मनावर घेतलं.

हा विचार ब्रिटनमधल्या उद्योगांत रुजवण्यात सर जॉन व्हिटमोर यांचा मोठा वाटा आहे. तेही खेळाडूच. १९६१ साली ते ब्रिटनच्या मोटारशर्यतींचे विजेते होते. त्यांच्या १९९२ सालच्या पुस्तकामुळे ‘ग्रो’ नावाची चार पायऱ्यांची पद्धत सर्वत्र पोचली. आधी ध्येय ठरवायचं. मग आज प्रत्यक्षात काय चाललंय ते पाहायचं. त्यानंतर पर्याय शोधायचे. शेवटी, यातलं मी नक्की काय करणार आणि कधी, हे ठरवायचं. कोचने या चारही पायऱ्यांवर प्रश्न विचारायचे. उत्तरं समोरच्याने शोधायची.

या चार पायऱ्यांत दुसरी सगळ्यांत अवघड. ध्येय सांगायला कुणाला त्रास होत नाही. मला पाच वर्षांत उलाढाल दुप्पट करायचीय, हे वाक्य पहिल्याच भेटीत येतं. आज प्रत्यक्षात काय चाललंय, याचं उत्तर मात्र प्रमुखाकडे अर्धंच असतं. उरलेलं अर्धं त्याच्या हाताखालच्या माणसांकडे असतं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

कोचचं काम इतरांपासून वेगळं कसं, हेही इथेच स्पष्ट होतं. सल्लागार तुमच्या कारखान्याचा अभ्यास करून अहवाल देतो. अनुभवी वडीलधारा माणूस आपण काय केलं ते सांगून वाट दाखवतो. मानसोपचारतज्ज्ञ मनाच्या दुखण्यावर उपचार करतो. कोचकडे तुमच्या धंद्याची उत्तरं नसतात. तुम्ही कसे ऐकता, कसे निर्णय घेता, रागावल्यावर काय करता, हे तुम्हाला दिसेल अशी व्यवस्था करणं हे त्याचं काम.

साधारणपणे असा करार सहा महिने ते वर्षभराचा असतो. पंधरवड्याने किंवा महिन्याने तास-दीड तासाची बैठक होते. सुरुवातीला वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांची मतं नाव न उघड करता गोळा केली जातात. मग बदलायची एखाद-दुसरी गोष्ट ठरते. शेवटी तीच माणसं सांगतात, बदल दिसला की नाही.

शिरोलीतली सकाळची मीटिंग

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रींची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांची, रांग आहे. तिथल्या एका फाउंड्रीचे मालक माझ्याकडे आले तेव्हा त्यांची तक्रार एकच होती. “मॅडम, माझी माणसं डोकं वापरत नाहीत. सगळं मलाच बघावं लागतं.” वडिलांनी एका भट्टीवर सुरू केलेला कारखाना त्यांनी वाढवला होता. स्वतः इंजिनिअर, कष्टाळू, कामगारांच्या घरच्या लग्नाला आवर्जून जाणारे. माणूस चांगला होता, यात शंका नाही.

मी त्यांच्या सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसायची परवानगी मागितली. वही घेऊन बसले आणि कोण काय बोलतंय ते उतरवत गेले. मोल्डिंगचे सुपरवायझर वडिलांच्या काळापासूनचे, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी बोलायला सुरुवात केली, “सेकंड शिफ्टला वाळूचं जरा...” मालकांनी वाक्य तिथेच उचललं, वाळूच्या ओलाव्यावर दोन मिनिटं सांगितलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. फेटलिंगवाल्याचंही (कास्टिंग साफ करणाऱ्या विभागाचा) तसंच झालं, डिस्पॅचवाल्याचंही. मीटिंग वेळेत संपली. प्रश्न मालकांनी विचारले, उत्तरंही त्यांनीच दिली.

नंतर त्यांच्या केबिनमध्ये मी वही उघडून नुसतं वाचून दाखवलं. कोणतं मत दिलं नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “पण मॅडम, मला उत्तर माहीत असतं ना.” मी विचारलं, “तुम्ही आठ दिवस परदेशी गेलात तर ही मीटिंग कशी होईल?” ते म्हणाले, “होणारच नाही.”

तिथून खरं काम सुरू झालं. त्यांनी बदलायला एकच गोष्ट निवडली. समोरच्याचं वाक्य पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही. हे त्यांनी मनात ठेवलं नाही. सगळ्या सुपरवायझरांना बोलावून सांगितलं, की मी हे शिकतोय, चुकलो तर आठवण करून द्या. पहिले काही आठवडे कुणीच आठवण करून दिली नाही. साहेबांना टोकणार कोण? मग एके दिवशी मामांनी धीर केला. “साहेब, माझं व्हायचंय अजून.” सगळे मालकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मालक म्हणाले, “बोला मामा, चुकलं माझं.” त्या दिवसापासून मीटिंग बदलली, असं तिथले लोक सांगतात.

मामांना काय सांगायचं होतं? दुसऱ्या पाळीत मोल्डमधून, म्हणजे वाळूच्या साच्यातून, परत येणारी वाळू पुरेशी थंड होण्याआधीच पुन्हा वापरली जात होती. गरम वाळूत ओलावा टिकत नाही, मोल्ड बिघडतो, कास्टिंगमध्ये दोष येतात. कारखान्यातल्या रिजेक्शनचं एक कारण मामांना केव्हापासून ठाऊक होतं. त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिल्यावर ते मालकांना कळलं.

मला त्या कारखान्यात वाळूतलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती.

निष्णात माणसालाही बाहेरचा डोळा लागतो

आम्ही एवढी वर्षं हेच करतोय, आता काय शिकायचं, असं म्हणणाऱ्यांना मी डॉ. अतुल गवांदे यांचं उदाहरण देते. बॉस्टनचे हे नामवंत शल्यचिकित्सक आणि लेखक. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. शेतकऱ्याच्या घरातून ते अमेरिकेत गेले आणि तिथे मूत्रविकारतज्ज्ञ झाले.

अतुल गवांदे यांनी २०११ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात एक लेख लिहिला. स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागल्यावर काही वर्षं त्यांच्या रुग्णांमधल्या गुंतागुंतीचं प्रमाण कमी होत गेलं. मग ते एका जागी थांबलं. त्यांच्या मनात आलं, जगातले अव्वल टेनिसपटूही कोच ठेवतात, मग शल्यचिकित्सकाने का ठेवू नये? त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन डॉ. रॉबर्ट ऑस्टिन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसतं पाहायची विनंती केली.

पहिली शस्त्रक्रिया थायरॉइडची होती. गवांदे यांच्या मते ती उत्तम झाली. ऑस्टिन यांच्या वहीत मात्र बारीक अक्षरात बरंच काही होतं. बराच वेळ दिव्याचा झोत जखमेवरून सरकलेला होता आणि गवांदे यांना ते कळलं नव्हतं. रुग्णावरची चादर त्यांच्या सोयीने लावली होती, समोरच्या सहायकाला तिच्यामुळे नीट काम करता येत नव्हतं. मधूनमधून त्यांचं कोपर खांद्यापर्यंत वर येत होतं, त्याने हाताची अचूकता कमी होते. यातलं एकही वैद्यकीय अज्ञान नव्हतं. काम करणाऱ्याला स्वतःचं कोपर दिसत नाही, एवढंच.

पुढे ऑस्टिन येत राहिले आणि आपलं गुंतागुंतीचं प्रमाण पुन्हा कमी होऊ लागलं असं वाटतं, असं गवांदे यांनी लिहिलं. या सगळ्यात मला मोलाचा वाटतो तो त्यांचा जाहीर कबुलीचा धीर. ऑपरेशन टेबलवरच्या रुग्णाला, डॉक्टरांच्या मागे वही घेऊन कुणी का उभं आहे, असा प्रश्न पडू शकतो. प्रतिष्ठित माणसाला ही भीती सर्वांत मोठी असते. गवांदे यांनी ती बाजूला ठेवली.

बदल झाला की नाही, हे खालची माणसं ठरवतील

अमेरिकेतले मार्शल गोल्डस्मिथ हे या क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांची अट प्रसिद्ध आहे. प्रमुख बदलला असं त्याच्याभोवतीच्या माणसांनी सांगितलं तरच ते फी घेतात. प्रमुखाला स्वतःला बदल जाणवला की नाही, याला महत्त्व नाही. त्यांची पद्धत कळायला सोपी आहे. एक किंवा दोन सवयी निवडा. सहकाऱ्यांना सांगा की मी हे बदलतोय. पुढे मी काय करू, अशी त्यांच्याकडे सूचना मागा. सूचना मिळाली की वाद घालू नका, सबब सांगू नका, धन्यवाद म्हणा. मग दर महिन्या-दोन महिन्यांनी परत विचारा.

२००४ साली गोल्डस्मिथ आणि हॉवर्ड मॉर्गन यांनी आठ मोठ्या कंपन्यांमधल्या ८६ हजारांहून अधिक जणांची मतं एकत्र करून मांडली. जे अधिकारी सहकाऱ्यांकडे परत परत जाऊन विचारत राहिले, ते सुधारले असं सहकाऱ्यांना वाटलं. जे प्रशिक्षणाला बसले पण नंतर कुणाला काही विचारलं नाही, त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. अभ्यास त्यांच्याच पद्धतीचा आहे, हे ध्यानात ठेवूनही मला तो पटतो, कारण माझ्या कामात मी हेच रोज पाहते.

गोल्डस्मिथ स्वतः सांगतात, की सर्वांत जास्त सुधारलेल्या माणसाबरोबर त्यांनी सर्वांत कमी वेळ घालवला. ते होते अ‍ॅलन मुलाली, तेव्हा बोइंग कंपनीच्या प्रवासी विमान विभागाचे प्रमुख. २००६ साली मुलाली फोर्ड मोटर कंपनीचे मुख्याधिकारी झाले. त्या वर्षी फोर्डला सुमारे १,२७० कोटी डॉलरचा तोटा झाला. दर आठवड्याच्या आढावा बैठकीत मात्र प्रत्येक विभागाचे तक्ते हिरवे, म्हणजे सगळं आलबेल. एवढा तोटा होत असताना काहीच बिघडलेलं नाही का, असं मुलाली यांनी विचारलं. पुढे मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने एका नव्या गाडीच्या उत्पादनाचा तक्ता लाल दाखवला. खोलीत शांतता पसरली. आता याची नोकरी जाणार, असंच अनेकांना वाटलं. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकेल, असं विचारलं. त्यानंतर हळूहळू इतरांच्या तक्त्यांतही लाल रंग दिसू लागला. फील्ड्स पुढे, २०१४ साली, मुलाली यांच्यानंतर फोर्डचे मुख्याधिकारी झाले.

आपल्या कारखान्यांत किती तक्ते हिरवे असतात आणि त्यातले किती भीतीपोटी, याचा विचार प्रत्येक मालकाने करावा. बातमी आणणाऱ्याला ओरडा बसला, की पुढच्या वेळी बातमीच येत नाही.

जिथे कोचिंग अपुरं पडतं

या क्षेत्रात राहूनच मला काही गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत, कारण त्या सांगितल्या नाहीत तर वाचकाची फसवणूक होईल.

पहिली गोष्ट आकड्यांची. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नुसत्या प्रशिक्षणाने उत्पादकता २२.४ टक्के वाढली आणि त्याला आठ आठवड्यांच्या कोचिंगची जोड दिल्यावर ८८ टक्के, असं आढळलं. कोचिंगच्या जाहिरातींत हा आकडा हमखास असतो. तो अभ्यास एका सार्वजनिक संस्थेतल्या केवळ ३१ व्यवस्थापकांचा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मात्र जाहिरातीत नसतं. नंतरच्या काळात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या संशोधनातून कोचिंगचा उपयोग होतो हे दिसलं आहे. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचं आश्वासन कुणी देत असेल तर मात्र त्याच्यापासून लांब राहा.

दुसरी गोष्ट टिकण्याची. गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या १२० प्रसूती केंद्रांत मोठा प्रयोग केला. तो मालकांचा किंवा अधिकाऱ्यांचा नव्हता, परिचारिकांचा होता, तरी त्याचा धडा सगळ्यांना लागू आहे. निम्म्या केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची तपासणी यादी दिली आणि आठ महिने कोच पाठवले. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कृती सुमारे ७३ टक्के वेळा होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. कोच यायचे थांबल्यावर, बाराव्या महिन्याला, हे प्रमाण ६२ टक्क्यांवर उतरलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माता आणि बालकांच्या मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. २०१७ साली त्यांनी हे निष्कर्ष जसेच्या तसे प्रसिद्ध केले. कोचिंगने वागणं बदलतं. औषधं, उपकरणं, पुढे पाठवायला मोठं रुग्णालय या गोष्टी कोचिंगने येत नाहीत. कारखान्याचंही तेच. मशीन जुनं असेल, भांडवल नसेल, पगार थकले असतील, तर मालकाने नीट ऐकून घेतलं एवढ्याने भागणार नाही.

तिसरी गोष्ट मनाच्या आजारांची. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्ग्लास यांनी २००२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये इशारा दिला होता, की मानसशास्त्राचं शिक्षण नसलेले कोच खोलवरचा मानसिक त्रास ओळखू शकत नाहीत आणि त्यामुळे नुकसान होऊ शकतं. त्याच नियतकालिकाने २००९ साली १४० कोचना विचारलं. खासगी प्रश्नांसाठी मला नेमलं, असं फक्त ३ टक्के म्हणाले. खासगी प्रश्नांत मी मदत केली आहे, असं ७६ टक्क्यांनी सांगितलं. माझ्यासमोर बसणाऱ्यांची गोष्टही व्यवसायावरून निघून घरावर येतेच. भावाभावांतली वाटणी, वडिलांशी अबोला, झोप न लागणं. ऐकून घेते. पण झोप उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, दारू वाढली असेल, तर तिथे माझं काम संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं. हे सांगायला कोचने क्षणभरही उशीर करू नये.

कोच निवडताना

कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. म्हणून निवड जपून करा. १९९५ साली अमेरिकेत स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था प्रमाणपत्रं देते. तिच्या पहिल्या पातळीला किमान १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, दुसऱ्या पातळीला ५०० तास, सर्वोच्च पातळीला २,५००. प्रमाणपत्र म्हणजे गुणवत्तेची हमी नाही, पण माणसाने अभ्यास केलाय एवढं त्यावरून कळतं.

पहिल्या भेटीत कोण जास्त बोलतं ते बघा. तासभर कोचच स्वतःच्या यशाच्या गोष्टी सांगत असेल तर पुढेही तेच होईल. माझ्या हाताखालच्या माणसांशी तुम्ही बोलणार का, असं विचारा. नुसतं माझ्याशीच बोलून बदल घडवतो म्हणणाऱ्याकडे अर्धीच माहिती पोचणार आहे. बदल मोजणार कसा, हेही आधीच ठरवून घ्या.

गुप्ततेची अट लेखी हवी. कोचचे पैसे कंपनी देते आणि बोलतो अधिकारी, तेव्हा हा प्रश्न फार नाजूक होतो. ध्येय काय ठरलं आणि बैठका झाल्या की नाही, एवढंच कंपनीला कळावं. खोलीत काय बोललं गेलं ते कळू नये. एखाद्या अधिकाऱ्याला काढायचं आधीच ठरलं असेल आणि फाइलमध्ये कागद असावा म्हणून कोच नेमत असतील, तर कोचने ते काम घेऊच नये. मी घेत नाही.

कॅम्पबेल प्रत्येकाला कोचिंग देत नसत. प्रामाणिकपणा, नम्रता, कष्टाची तयारी आणि शिकण्याची इच्छा, एवढं समोरच्यात आहे का ते आधी पाहत. मीही पहिल्या भेटीत तेच शोधते. माझ्या माणसांना सुधारा, मी ठीक आहे, असं म्हणणाऱ्याला मी नम्रपणे परत पाठवते.

हे सगळं मी इतक्या कळकळीने का लिहितेय? दोनशे माणसांच्या कारखान्यात मालकाचा सकाळचा सूर संध्याकाळी दोनशे घरांत पोचतो. तिथली मुलं, बायका, म्हातारे आईवडील त्या मालकाला कधी भेटलेले नसतात, तरी त्याच्या एका वाक्याने त्यांची संध्याकाळ बिघडते किंवा बरी जाते. म्हणून प्रमुखाचं शिकणं ही त्याची खासगी बाब राहत नाही.

छोट्या कारखानदाराला कोचची फी परवडेलच असं नाही. त्यांना आणि ज्यांच्या हाताखाली दोन माणसंही काम करतात त्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. या आठवड्यात तुमच्या हाताखालच्या एका माणसाला एकट्याला भेटा आणि विचारा, माझ्यातली कोणती एक सवय बदलली तर तुमचं काम सोपं होईल? उत्तर आलं की समर्थन करू नका, कारणं देऊ नका. धन्यवाद म्हणा, लिहून ठेवा आणि महिन्याने त्याच माणसाला परत विचारा. कोच नेमायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.